सहाशेच्या आत

टिटवी: ...आणि ग्रंथालयात तर कहर आहे, बाबा. आत माणसं दोन. एक वाचतोय, एक झोपलाय, आणि एसी चार. मी झोपलेल्याला उठवून विचारलं, गार लागतंय का. म्हणाला, लागतंय. दोन बंद करून आले.

बाबा: कुणाला विचारून?

टिटवी: झोपलेल्याला. सांगितलं ना आत्ता.

बाबा: ग्रंथपालबाईंना विचारायचं असतं. उद्या माझ्याकडे तक्रार येईल, तुमची मुलगी शाळा सुटली की हॉस्पिटलभर बटणं दाबत फिरते म्हणून.

टिटवी: त्यांनाही विचारलं, नंतर. त्या म्हणाल्या, बरं केलंस, माझे गुडघे धरले होते. लिहा तुम्ही. ग्रंथालय, दोन एसी, वजा पाच.

बाबा: वजा तीन.

टिटवी: चार?

बाबा: भाजी घेतेयस का? तीन. फुगवून लिहिलं तर कागद खूश होईल, मीटर नाही होणार. काल संध्याकाळी सात वाजता सहाशे सात होता. हे तीन गेले. सहाशे चार.

टिटवी: म्हणजे अजून चार हवेत.

बाबा: पाच मिळाले तर मी श्वास घेईन.

टिटवी: आणि आज सहाच्या आधी.

बाबा: सहाच्या आधी. आता चार वीस झालेत. तू दप्तर त्या विजेच्या पॅनेलला टेकवू नकोस, किती वेळा सांगितलं.

टिटवी: काढलं. मला ते सहाशेचं परत एकदा सांगा ना. चित्रकलेच्या सरांनी आज विचारलं आणि मी असं काही समजावलं की शेवटी त्यांनीच विषय बदलला.

बाबा: सोपं आहे. बाहेरून आपल्याला मिळते सहाशे वीस किलोवॅट. त्यावर गेलो की मेन ब्रेकर पडतो. गेल्या महिन्यात दोनदा पडला. जनरेटर उठेपर्यंत बारा सेकंद सगळ्या वॉर्डांत अंधार. बारा सेकंद तुला काही वाटत नाहीत, पण अधीक्षकबाई तेव्हा जिन्यात होत्या.

टिटवी: म्हणून त्यांनी डायलिसिसची संध्याकाळची पाळी बंद केली.

बाबा: त्यांना राग आला म्हणून नव्हे. बाकी काय बंद करणार? ऑपरेशन? बाळंतपण? संध्याकाळच्या पाळीतली सहा माणसं दुसऱ्या गावी पाठवता येत होती, ती पाठवली. सहा मशिनं आणि त्यांचा पाण्याचा प्लांट, सगळं मिळून अठरा-एकोणीस खातात. पाळी परत हवी तर बाकीचा सगळा परिसर सहाशेच्या आत बसला पाहिजे. आज सहा ते आठ मीटर बघायचा, उद्या सकाळी बैठक. बसला तर पाळी सुरू. नाही बसला तर नवा ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत बंद, आणि तो कधी येईल ते त्या ट्रान्सफॉर्मरलासुद्धा माहीत नसेल.

टिटवी: सर आज तिसऱ्या तासाला फळ्याला हात टेकून उभे होते. आम्हाला वाटलं वर्तुळ काढतायत. झोपले होते, बाबा. उभ्या उभ्या. काल रात्री बसने परत यायला त्यांना किती वाजले कोण जाणे. आधी डायलिसिस इथे व्हायचं तेव्हा घरी चालत जायचे.

बाबा: माहीत आहे मला.

टिटवी: वर्गातली मुलं हसली. मग कुणीच हसलं नाही.

बाबा: म्हणून तर तीन आठवडे मी दारोदार फिरतोय. लॉन्ड्रीतल्या मावशी मोठी इस्त्री सकाळी चालवायला तयार व्हाव्यात म्हणून आठवडाभर त्यांची बोलणी खाल्ली. उपकरणं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह दुपारी आणला. ऑपरेशन नसेल तेव्हा थिएटरची हवा निम्म्यावर आणली. वसतिगृहातले गीझर सहाला बंद, तर डॉक्टर पोरं मला बघून रस्ता बदलतात. आता कुठे काही उरलं नाही.

टिटवी: एक उरलंय.

बाबा: कुठे?

टिटवी: तुमच्या यादीत दोनशे चौदा जागा आहेत. मी आज एकेक खूण करत फिरले. लॅबचा दुसरा मजला, मागची खोली. तिच्यापुढे तुम्ही लिहिलंय 'बंद'.

बाबा: बंदच आहे.

टिटवी: दार बंद आहे. आत तीन फ्रीझर घरघरतायत, माझ्याहून उंच, आणि ते तापतात म्हणून एक एसी त्यांच्यावर सोडलाय. म्हणजे तीन जण गार करायला आणि चौथा त्या तिघांना गार करायला. मी हात लावून बघितला, पाठीमागे पोळतंय.

बाबा: तू आत गेलीस?

टिटवी: किल्ली आईच्या लॅबमधल्या खणात होती.

बाबा: टिटवे, त्या खोलीचं नाव काढायचं नाही. दोन वर्षांपूर्वी मी काढलं होतं. तुझी आई चार दिवस माझ्याशी 'हो', 'नाही' आणि 'डबा भरलाय' एवढंच बोलत होती.

टिटवी: पण त्या चार यंत्रांचे किती होतात?

बाबा: मोजलं नाही.

टिटवी: बाबा.

बाबा: जुनी आहेत. एकेकाचा एक धर. एसीचे दोन.

टिटवी: पाच.

बाबा: मला बेरीज येते.

आई: अहो, लॅबच्या पॅसेजमधले निम्मे दिवे तुम्ही काढलेत ते ठीक, पण रक्त घेतात त्या खुर्चीवरचासुद्धा काढलात. शीर दिसत नाही. तो तेवढा परत लावा. आणि ही इथे काय करतेय? हिची उद्या भूगोलाची चाचणी आहे.

टिटवी: आई, मागच्या खोलीत कुणाचे फ्रीझर आहेत?

आई: माझ्या खणात हात घातलास तू?

टिटवी: घातला. सॉरी. कुणाचे आहेत?

आई: मोठ्या बाईंचे. दारावर चिठ्ठी आहे, वाचता येतं तुला.

टिटवी: वाचली. 'मला विचारल्याशिवाय बंद करू नये.' खाली सही. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. मी पहिलीत होते तेव्हा. त्या आता इथे नसतातच ना?

आई: निवृत्त झाल्या. लेकाकडे असतात.

टिटवी: मग आत काय आहे?

आई: नमुने. रक्ताचे, लघवीचे. संशोधनासाठी अकरा वर्षं गावोगाव फिरून गोळा केलेत त्यांनी, त्यातली सहा वर्षं मी बरोबर होते. दोन हजार तीनशे चाळीस नळ्या. मायनस ऐंशीला ठेवलेत. एकदा वितळले की गेले, परत कुणी जन्माला घालणार नाही ते. कळलं? आता भूगोल काढ.

बाबा: तिला ओरडू नकोस. विचारतेय ती.

आई: तुम्ही पाठवलंत ना तिला? मला विचारायची हिंमत नाही म्हणून पोरीला पाठवलंत.

बाबा: मी नाही पाठवलं. मी तर यादीत बंद खोली म्हणून लिहिलंय.

आई: काय लिहिलंय?

बाबा: बंद.

आई: अधीक्षकबाईंकडे गेलेल्या यादीत?

बाबा: दार बंदच असतं.

आई: खोटं लिहिलंत तुम्ही? पंख्यातला अर्धा वॅटही सोडत नाही तुम्ही, आणि पाच किलोवॅटवर पांघरूण घातलंत?

बाबा: पाच? म्हणजे तू मोजलेस.

आई: मी रोज दोनदा त्यांच्यापुढे उभी राहते. मीटर घेऊन आले होते एकदा. मागच्या उन्हाळ्यात.

टिटवी: म्हणजे तुम्हाला दोघांनाही माहीत होतं. तीन आठवडे. घरात. एकाच टेबलावर जेवत होतात तुम्ही.

आई: जास्त बोलू नकोस.

टिटवी: बोलणार. त्या चिठ्ठीवर असं नाही लिहिलं की कधीच बंद करू नये. विचारल्याशिवाय, असं लिहिलंय. मग विचारा ना. कुणी विचारलं कधी?

आई: मोठ्या बाईंना असं उठून फोन करत नाहीत.

टिटवी: का? चावतात?

बाबा: टिटवे.

आई: तू त्यांना पाहिलेलं नाहीस. त्या बोलायला लागल्या की डीन खुर्चीत सरळ बसायचे. सगळ्यांमध्ये त्यांनी किल्ली दिली ती मला. डॉक्टरांना नाही, मला, टेक्निशियनला. गेल्या त्या दिवशी माझ्यासमोर चिठ्ठी चिकटवली.

टिटवी: आणि खाली नंबर लिहिला. मी वहीत उतरवलाय.

बाबा: विभागप्रमुखांचं काय म्हणणं आहे यावर? खोली त्यांच्या विभागाची आहे.

आई: त्यांचं काही म्हणणं नाही.

बाबा: असं कसं नाही?

आई: चार वर्षांपूर्वी म्हणाले होते. मोठ्या बाईंना विचारून घ्या आणि करून टाका बंद. मी म्हटलं, विचारते.

बाबा: मग?

आई: मग काही नाही.

बाबा: विचारलंच नाहीस?

आई: विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

टिटवी: ...बाबा, तुमच्या फोनवरून बाहेर फोन लावायला आधी शून्य लागतो ना?

बाबा: लागतो. का?

टिटवी: रिंग होतेय.

आई: ठेव तो. ठेव आधी. टिटवे, मी सांगतेय—

टिटवी: हॅलो, नमस्कार. मी हॉस्पिटलमधून बोलतेय. एक मिनिट हं, आई बोलते. घे. अगं घे ना, त्या 'कोण, कोण' करतायत.

आई: ...नमस्कार बाई. मी, लॅबमधली. ...हो, तीच, चष्मेवाली. ...बरं आहे सगळं. ...ती माझी मुलगी. आगाऊ आहे. ...दहावीत. ...बाई, एक विचारायचं होतं. ते फ्रीझर. ...मागच्या खोलीतले. तीन. ...हो, अजून. ...तिन्ही, बाई. चालू आहेत म्हणूनच विचारतेय. ...मायनस अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, ऐंशी. आज सकाळी. ...नाही, कुणी सांगितलं नाही. ...नऊ. ...नऊ वर्षं. ...नाही नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. मीच विचारलं नाही. ...थांबा, लिहून घेते. टिटवे, पेन. ...निळ्या झाकणाचे. ...आहेत की. तिसरा फ्रीझर, दुसरा कप्पा, डावीकडून. बारा डबे. ...माहीत असणारच ना बाई, नकाशा आहे माझ्याकडे. एकेका नळीचा. ...आणि बाकीचे? ...सगळे? ...बरं. ...नक्की ना? ...बरं. ...तेवढं विभागप्रमुखांना मेसेज करून ठेवाल? ...हो, घेते काळजी. ...ठेवते.

बाबा: काय म्हणाल्या?

आई: आधी हसल्या.

टिटवी: हसल्या का?

आई: त्यांना वाटलं थट्टा करतेय. सगळ्या नळ्यांतला अर्धा अर्धा भाग त्यांनी निघायच्या आधीच दुसऱ्या संस्थेत पाठवला होता. काम तिथे पूर्ण झालं. छापूनही आलं. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही दोन-तीन महिन्यांत बंद केलं असेल.

बाबा: तुला कुणी कळवायला नको होतं?

आई: कोण कळवणार? त्यांना वाटलं विभागप्रमुख कळवतील. विभागप्रमुखांना वाटलं मी विचारेन.

टिटवी: आई, मी... मला वाटलं नव्हतं असं असेल.

आई: तुला काय वाटणार. मलाच वाटलं नव्हतं.

बाबा: बस जरा.

आई: बसायला वेळ आहे का? किती वाजले?

बाबा: पावणेपाच. पण आजच व्हायला पाहिजे असं नाही. मी उद्या बैठकीत सांगतो, पाच किलोवॅट सापडलेत, दोन दिवस द्या.

आई: कागदावरचे पाच? अधीक्षकबाई काय म्हणतील ते मला पाठ आहे. मीटर दाखवा. अहो, ऐका. निळ्या झाकणाचे बारा डबे ठेवायचेत, त्यातल्या तीन कुटुंबांवर कुणी नवीन डॉक्टर काम करणार आहे. ते पहिल्या मजल्यावरच्या नव्या फ्रीझरमध्ये जातील, खालचा कप्पा मोकळा आहे. बाकी सगळं टाकायचं, पिवळ्या पिशव्यांत, रीतसर, नोंद करून. लॅबमधले दोघे साडेपाचला सुटतात, त्यांना थांबवते.

बाबा: तासाभरात दोन हजार नळ्या?

आई: नळ्या नाही, डबे. कुठला डबा कुठे आहे हे शोधावं लागलं असतं तर चार दिवस लागले असते. मला शोधावं लागणार नाही. टिटवे, केस बांध. बाह्या खाली. जाड हातमोजे दोन जोड आहेत, एक तुला. मी दार उघडलं की तू पेटी पुढे करायची, मध्ये बोलायचं नाही.

टिटवी: अजिबात?

आई: दार उघडं असेतो तरी.

बाबा: आणि भूगोल?

आई: भूगोल कुठे पळून जात नाही.

(सात वाजून पाच मिनिटं. तीच पॅनेलची खोली.)

टिटवी: बाबा, आकडा? पळत आले, जिन्यात पाय घसरला, पडले नाही. आकडा?

बाबा: पाचशे नव्व्याण्णव पूर्णांक चार.

टिटवी: बसलं ना मग.

बाबा: बसलं कसलं, काठावर उभं आहे. पहिला फ्रीझर तुम्ही सव्वापाचला बंद केलात, तो दिसला मला. दुसरा दिसला. तिसरा पाच पंचावन्नला. सहाला पाचशे सत्त्याण्णव होता, मी खुर्चीत मागे टेकलो. मग स्वयंपाकघरात जेवणाच्या ट्रॉल्या तापायला लागल्या. आता वर चढतोय. सात वीसपर्यंत चढेल.

टिटवी: नव्व्याण्णव पूर्णांक सहा झाला.

बाबा: डोळे आहेत मला.

टिटवी: स्वयंपाकघरात जाऊन एखादी ट्रॉली बंद करू?

बाबा: आणि तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना गार वरण देऊ? नाही. तसं बसवायचं असतं तर पहिल्याच दिवशी बसवलं असतं.

टिटवी: पूर्णांक सात.

बाबा: मला एक कळत नाही. तीन बंद झाल्यावर जेवढा उतरायला हवा तेवढा उतरला नाही. दोन कमी उतरला. ते दोन कुठे बसलेत?

आई: झालं. पिशव्या मोजून सह्या घेऊन दिल्या. निळे डबे खाली गेले, मायनस ऐंशीला. एकही वितळला नाही.

टिटवी: आई, तुझ्या भुवयांवर बर्फ आहे.

आई: असू दे. आकडा काय?

बाबा: नव्व्याण्णव पूर्णांक आठ. मी म्हणतोय, दोन कुठेतरी अडकलेत. तिन्हींचे प्लग काढलेस?

आई: मी स्वतः काढले. केबल गुंडाळून वर ठेवली.

बाबा: आणि एसी?

आई: एसी चालू आहे.

बाबा: का?

आई: खोली अठरा अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही म्हणून.

बाबा: कशासाठी?

टिटवी: मी जाते.

आई: रिमोट दाराच्या मागे खिळ्याला आहे. रिमोटने बंद झाला तरी भिंतीवरचं बटणही बंद कर. आणि पळू नकोस.

बाबा: पळालीच.

आई: हसू नका.

बाबा: मी हसत नाहीये.

आई: हसताय. मिशीत.

बाबा: थांब. पाचशे नव्व्याण्णव पूर्णांक नऊ.

आई: दुसरा मजला आहे. दोन मिनिटं लागतात तिला.

बाबा: एक मिनिट वीस सेकंद. रोज मोजतो मी. ...तिथेच आहे. ...नऊ. ...नऊ. ...ही बघ. सत्त्याण्णव पूर्णांक आठ.

आई: आला खाली?

बाबा: आला. ट्रॉल्या पाच मिनिटांत निघतील, मग नुसता उतरत जाईल. आठपर्यंत आता वर जायला काही नाही. छापून घेतो. वेळेसकट, म्हणजे उद्या कुणी तोंड उघडणार नाही.

आई: तुमच्या यादीतला तो शब्द आधी दुरुस्त करा.

बाबा: करतो.

आई: खाली माझी सही घ्या. खोली माझ्या ताब्यात होती.

बाबा: त्याची काही गरज नाही.

आई: मला आहे.

बाबा: बरं, घेतो. ...तुला घरी जायचंय का? मी आठपर्यंत थांबतो, तुम्ही दोघी व्हा पुढे.

आई: नाही. बसते जरा. इथे किती आवाज असतो हो.

बाबा: पॅनेलचा. तू कधी इतका वेळ बसली नाहीस इथे.

टिटवी: उतरला? उतरला ना? मला वरूनच कळलं, बटण दाबल्यावर सगळं एकदम शांत झालं. किती?

बाबा: शहाण्णव पूर्णांक नऊ. अजून उतरतोय.

टिटवी: म्हणजे सर सोमवारी चालत घरी जाणार.

बाबा: अजून अधीक्षकबाईंची सही व्हायची आहे. उगाच आज रात्री त्यांना फोन करून बसू नकोस.

टिटवी: फोन नाही करत. उद्या वर्गात सांगते. नुसतं एवढंच सांगते की बसचा पास पुढच्या महिन्याचा काढू नका.

आई: तेवढंही नको. सही होऊ दे आधी. माणसाला आशा लावून ठेवायची आणि मग कळवायचं विसरायचं, हे बरं नाही.

टिटवी: ...बरं. सही झाल्यावर.

बाबा: सही झाली की दहा मिनिटांत मी शाळेत फोन करतो. तुला बोलावून सांगतील. मग तू सांग.

आई: टिटवे, ये इकडे, हात दाखव. बोटं लाल झालीत. दुखतंय?

टिटवी: नाही. थोडं. आई, तू रागावलीयेस माझ्यावर?

आई: तुझ्यावर कशाला? तू फोनच लावलास फक्त.

टिटवी: मग?

आई: मग काही नाही. तिन्हींची दारं उघडी टाकून आले आहे. आतून हा एवढा बर्फ आहे, बोटांपासून कोपरापर्यंत. खाली फडकी पसरलीत, पण ती पुरायची नाहीत, परवापर्यंत पाणी येत राहील.

बाबा: सफाईवाल्यांना सांगतो मी.

आई: नको. ते आम्ही पुसू. टिटवे, उद्या शाळेतून येताना घरून जुने टॉवेल घेऊन ये.

टिटवी: किती आणू? तीन?

आई: सगळे आण.